ग्रॅमरी : एका चुकलेल्या स्पेलिंगची गोष्ट

गेल्या वर्षीची गोष्ट. इंग्रजीचे सर रजेवर होते आणि आठवीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. नवीन काही शिकवायच्या फंदात न पडता म्हटलं, वह्या तरी बघू. एकेक वही चाळत होतो. एका मुलीने कव्हरवर स्केचपेनने वेलबुट्टी काढून मधोमध मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'इंग्लिश ग्लॅमर'. तिला लिहायचं होतं 'ग्रामर'. मी ते मोठ्याने वाचलं. वर्ग खो खो हसला. पोरगी ओशाळून खाली बघायला लागली. मी लाल पेनने काट मारली, वर 'ग्रामर' लिहिलं आणि वही परत दिली.

घरी आल्यावर ते मनाला लागून राहिलं. मोठ्याने वाचायची काही गरज नव्हती. बी.एड. करत असताना रद्दीच्या दुकानातून घेतलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश माझ्याकडे आहे. सहज 'ग्लॅमर' हा शब्द काढला. त्याच्या व्युत्पत्तीत लिहिलं होतं की हा 'ग्रामर'चाच स्कॉटलंडमधला अपभ्रंश आहे. दोनदा वाचलं. म्हणजे या पोरीने जी चूक केली, तीच तीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या लोकांनी केली होती, आणि शब्दकोशाने ती मान्य करून वेगळा शब्द म्हणून नोंदवलीही होती.

या दोन शब्दांच्या शेजारीच त्यांचा एक तिसरा भाऊ उभा होता. आज तो फारसा कुणी वापरत नाही. ग्रॅमरी. अर्थ : जादू, गुप्त विद्या. व्याकरणाच्या पोटी जादू कशी जन्मली, हे शोधता शोधता मी थेट स्पेनमधल्या अरबी ग्रंथांपर्यंत जाऊन पोचलो. आजचा लेख त्याच प्रवासाचा.

अक्षर, व्याकरण, जादू

सुरुवात ग्रीक भाषेपासून. ग्रीकमध्ये 'ग्राफेन' म्हणजे लिहिणे. मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. त्यावरून 'ग्रामा' म्हणजे लिहिलेलं अक्षर. अक्षरांची जी कला ती 'ग्रामातिके'. म्हणजे सुरुवातीला या शब्दाचा अर्थ फक्त लिहिता-वाचता येणं एवढाच होता. रोमन लोकांनी तो उचलला, त्याचं 'ग्रामातिका' झालं. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्रामेर' आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत 'ग्रामर' आणि 'ग्रॅमरी'.

त्या काळच्या युरोपात ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण. इंग्रजी ही घरात आणि बाजारात बोलायची भाषा होती, तिला व्याकरण असतं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. विद्या सगळी लॅटिनमध्ये. धर्मशास्त्र, वैद्यक, ज्योतिष, कायदा, सगळं. आणि लॅटिन येणार कुणाला, तर पाद्री, मठातले साधू आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले थोडे लोक. त्यामुळे 'त्याला ग्रामर येतं' याचा अर्थ हळूहळू 'तो विद्वान आहे' असा झाला.

आता गावातल्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. समोर एक माणूस बसला आहे. त्याच्या हातात चामड्याच्या बांधणीचं जाड पुस्तक आहे. तो त्यातल्या काळ्या रेघांकडे बघतो, न समजणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटतो आणि मग ग्रहण कधी लागणार ते सांगतो. आजारावर कोणतं झाड चालेल ते सांगतो. शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस काय म्हणाला तेही सांगतो. वाचता न येणाऱ्याला यातला कोणता भाग विद्या आणि कोणता भाग चेटूक हे कसं कळणार? त्याच्यासाठी सगळी ग्रॅमरीच.

फ्रेंचमध्येही हेच घडलं. 'ग्रामेर' या शब्दाचंच एक वेगळं रूप 'ग्रिम्वार' असं झालं आणि त्याचा अर्थ झाला, जादूटोण्याचे मंत्र लिहिलेली पोथी. व्याकरणाचं पुस्तक आणि मंत्राची पोथी, दोघांचं खानदान एकच.

स्कॉटलंडमध्ये आणखी एक गंमत झाली. 'ग्रामर' शब्दात 'र' दोनदा येतो. जिभेला ते जड जातं. म्हणून पहिल्या 'र'चा 'ल' झाला आणि 'ग्लॅमर' तयार झाला. त्याचंच दुसरं रूप 'ग्लॅमरी'. आपल्याला हे नवीन नाही. 'र' आणि 'ल' यांत भेद मानू नये असं संस्कृत पंडितही सांगून गेले. 'हरिद्रा'ची आपण 'हळद' केली, 'चत्वारिंशत्'चे 'चाळीस' केले. इंग्रजीतला 'पिल्ग्रिम' हा यात्रेकरूसाठीचा शब्दही लॅटिन 'पेरेग्रिनुस'पासून असाच 'र'चा 'ल' होऊन आला.

पण ग्लॅमरचा अर्थ ग्रॅमरीपेक्षा थोडा वेगळा होता. ग्लॅमर म्हणजे नजरबंदी. समोर जे आहे ते न दिसता दुसरंच काही दिसणं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ॲलन रॅमसे नावाच्या स्कॉटिश कवीने हा शब्द वापरला आणि त्याचा अर्थही देऊन ठेवला : सैतान, मांत्रिक किंवा गारुडी जेव्हा बघणाऱ्याची दृष्टी फसवतात, तेव्हा त्यांनी डोळ्यांवर ग्लॅमर टाकलं असं म्हणतात. सुंदरतेचा त्यात अजून मागमूस नव्हता.

स्कॉटलंडच्या जुन्या लोकगीतांत हे ग्लॅमर टाकण्याचा आरोप बहुतेक जिप्सींवर येतो. एका प्रसिद्ध गीतात जिप्सी येऊन वाड्याच्या दारात गातात, सरदाराच्या बायकोवर ग्लॅमर टाकतात आणि ती सगळं सोडून त्यांच्याबरोबर निघून जाते. हे जिप्सी, म्हणजे रोमा लोक, मूळचे आपल्याकडचे. त्यांची भाषा हिंदी, मराठी, पंजाबी यांच्याच कुळातली आहे. त्यांचे आकडे ऐका : येक, दुइ, त्रिन, श्तार, पांश. स्कॉटलंडच्या गावकऱ्याला हे शब्द मंत्रासारखे वाटले असतील तर नवल नाही. आपल्या पहिलीतल्या पोराला मात्र त्यात फक्त उजळणी ऐकू येईल.

वाचता आलं तर मान वाचली

अक्षरात सत्ता असते ही त्या लोकांची समजूत अगदीच खुळी नव्हती. इंग्लंडच्या कायद्यातच तशी सोय होती.

मध्ययुगात पाद्र्यांवर राजाच्या कोर्टात खटला चालत नसे; त्यांचा न्याय चर्चच्या कोर्टात, आणि तिथे फाशी नव्हती. आता आरोपी पाद्री आहे हे ठरवायचं कसं? सोपी कसोटी : वाचून दाखव. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून तर ज्या कुणाला वाचता येईल त्याला या सवलतीचा दावा करता येऊ लागला, मग तो पाद्री असो वा नसो. वाचायला बहुधा एकच उतारा देत, दाऊदच्या स्तोत्रांतल्या ५१व्या स्तोत्राची सुरुवात. दाऊद म्हणजे आपले हजरत दाऊद अलैहिस्सलाम, आणि स्तोत्रसंहिता म्हणजे आपण जिला जबूर म्हणतो ती. फाशीपासून वाचवणाऱ्या या ओळींना लोक 'मानेची ओवी' म्हणू लागले. वाचता आलं तर मान शाबूत.

नाटककार बेन जॉन्सन १५९८ साली याच सवलतीने वाचला. द्वंद्वात त्याने एका नटाला ठार मारलं होतं. त्याने लॅटिन वाचून दाखवलं, फाशी टळली आणि अंगठ्यावर डाग देऊन त्याला सोडण्यात आलं. हा डाग देण्याची पद्धत यासाठी होती की साध्या माणसाने ही सवलत दुसऱ्यांदा मागू नये. वाचून दाखवायची अट १७०६ साली गेली आणि ही सवलतच १८२७ साली रद्द झाली.

विचार करा. दोन माणसांनी सारखाच गुन्हा केला. एक लटकला, दुसरा घरी गेला. फरक एवढाच की दुसऱ्याने कागदावरच्या चार ओळी ओठांनी म्हटल्या. फाशीच्या तख्ताखाली उभ्या असलेल्या अडाणी बाईला हे काय वाटलं असेल? ज्याच्या तोंडून हे शब्द निघतात त्याच्या गळ्यातला फास सुटतो. याहून मोठा मंत्र कोणता?

अरबी शिकलेला स्कॉटिश माणूस

ग्रॅमरी आणि ग्लॅमर हे शब्द स्कॉटलंडच्या बाहेर सगळ्या इंग्रजी जगात नेले ते सर वॉल्टर स्कॉट या लेखकाने. १८०५ साली त्याची 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल' ही दीर्घ कथाकविता प्रसिद्ध झाली आणि प्रचंड खपली. त्या कवितेत एक जादूचं पुस्तक आहे. ज्याचं ते पुस्तक, तो जादूगार खरोखर होऊन गेलेला माणूस आहे. त्याचं नाव मायकल स्कॉट. कवितेकडे जाण्याआधी या माणसाला भेटू या, कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जवळचा तोच वाटला.

मायकल स्कॉट साधारण ११७५च्या आसपास स्कॉटलंडमध्ये जन्मला. विद्येच्या ओढीने तो स्पेनमधल्या टोलेडो शहरात गेला. अरबीत या शहराचं नाव तुलैतुला. जवळजवळ पावणेचारशे वर्षं हे शहर मुस्लिम राजवटीखाली होतं. १०८५ साली ते ख्रिस्ती राजा अल्फोन्सो सहावा याच्या हाती गेलं, पण तिथले अरबी ग्रंथ आणि अरबी जाणणारे लोक तिथेच राहिले. बाराव्या शतकात युरोपातले विद्यार्थी त्या ग्रंथांच्या शोधात टोलेडोला येऊ लागले. क्रेमोनाचा जेरार्ड नावाचा एक इटालियन तर एका ग्रंथाच्या ओढीने आला आणि मरेपर्यंत, म्हणजे ११८७पर्यंत, राहिला. त्याने सत्तरहून अधिक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले.

मायकल स्कॉटने अरबी शिकून घेतलं. १२१७ साली त्याने टोलेडोत नूरुद्दीन अल-बित्रूजी या अंदलुसी खगोलशास्त्रज्ञाच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद पुरा केला. या कामात एका ज्यू विद्वानाचा त्याला हात होता. म्हणजे मुसलमानाने लिहिलेला ग्रंथ, ज्यू माणसाच्या मदतीने, एका ख्रिस्ती माणसाने भाषांतरित केला. पुढे त्याने ॲरिस्टॉटलचे प्राण्यांवरचे ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणले. कॉर्डोबाच्या इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलवर लिहिलेली भाष्यंही त्याने भाषांतरित केली. इब्न रुश्दला जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती; त्याचा इंतिकाल ११९८चा. युरोपच्या विद्यापीठांत पुढची कित्येक शतकं इब्न रुश्द वाचला गेला, त्याच्या पायाशी या स्कॉटिश माणसाचं कष्टाचं काम आहे.

पोपलाही त्याची किंमत होती. १२२४च्या सुमारास त्याला आयर्लंडमधल्या कॅशेलचं आर्चबिशपपद देऊ करण्यात आलं. त्याने ते नाकारलं. कारण सांगितलं की तिथल्या लोकांची आयरिश भाषा मला येत नाही. हे वाचून मी जरा थांबलो. ज्यांची भाषा येत नाही त्यांचा धर्मगुरू कसा होणार, हा प्रश्न स्वतःला विचारणारी माणसं आजही कमीच.

पुढे तो सिसिलीचा राजा आणि सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारात गेला. या सम्राटाला अरबी विद्येचं वेड होतं. भारतीय अंक युरोपला शिकवणारा गणिती फिबोनाची याने आपल्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १२२८ साली याच मायकल स्कॉटला अर्पण केली. आपले शून्यासकटचे दहा अंक अरबांच्या हातून युरोपात पोचले, आणि त्या वाटेवरच्या विद्वानांत आपला हा माणूस बसलेला होता.

आणि मेल्यावर लोकांनी त्याला काय म्हटलं? जादूगार. इटलीचा महाकवी दांते याने त्याला आपल्या महाकाव्यात नरकात टाकलं. भविष्य सांगणाऱ्यांच्या रांगेत, जिथे सगळ्यांच्या माना पाठीकडे पिरगाळलेल्या आहेत. त्याच्या स्वतःच्या देशात दंतकथा पसरली की त्याने भुताला कामाला लावून एका डोंगराचे तीन डोंगर करवले. ते आइल्डन डोंगर आजही मेलरोज गावापाशी आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मायकल स्कॉट ज्योतिषी होता. सम्राटाला ग्रहताऱ्यांवरून सल्ला देत असे, त्यावर त्याने लिहिलंही आहे. पण त्या काळात ज्योतिष आणि खगोल यांत आजच्यासारखी भिंत नव्हती, आणि ज्योतिषी दरबारोदरबारी होते. त्या साऱ्यांचे डोंगर फोडणारे जादूगार झाले नाहीत. याचं नाव इतकं पसरलं, त्यामागे त्याच्या हातातली ती उजवीकडून डावीकडे लिहिलेली पुस्तकं होती असं मला वाटतं.

कारण असं आणखी एकदा झालं होतं. गर्बर्ट नावाचा फ्रेंच विद्वान तरुणपणी स्पेनच्या सीमेवर गणित शिकला, आपल्या अंकांची ओळख करून घेऊन परत गेला आणि ९९९ साली पोप झाला. बाराव्या शतकात माम्सबरीच्या विल्यम या इंग्रज इतिहासकाराने त्याच्याबद्दल लिहून ठेवलं की तो स्पेनमध्ये मुसलमानांकडून काळी विद्या शिकला आणि आपल्या गुरूचं पुस्तक चोरून पळाला. गणित शिकून आलेल्या पोपलाही हे चुकलं नाही, तिथे मायकल स्कॉटची काय कथा?

थडग्यातलं पुस्तक

आता कविता. वॉल्टर स्कॉट तेरा वर्षांचा असताना एका बागेत झाडाखाली बसून जुन्या लोकगीतांचा एक संग्रह वाचत होता आणि त्यात इतका रमला की जेवायचं विसरला, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. तो संग्रह बिशप पर्सी यांनी १७६५ साली छापला होता आणि ग्रॅमरी हा शब्द त्यातल्या एका गीतात होता. मोठा झाल्यावर स्कॉटने हा शब्द आपल्या कवितेत आणला.

कवितेत एक सरदारीण आपल्या शूर शिपायाला मेलरोजच्या मठात पाठवते. तिथे मायकल स्कॉटच्या थडग्यात त्याचं पुस्तक पुरलेलं आहे, ते आण, पण उघडून वाचू नकोस, असं बजावते. शिपाई म्हणतो, काळजीच नको, मला एक अक्षर येत नाही. फाशीच्या तख्ताखाली मानेची ओवी समोर धरली तरी वाचता यायची नाही. मध्यरात्री थडगं उघडलं जातं. आत जादूगार पुस्तक हातात धरून झोपल्यासारखा पडलेला. पुढे ते पुस्तक एका खोडकर बुटक्याच्या हाती लागतं. त्याला त्यातला एकच छोटा मंत्र वाचता येतो, तेवढ्यात एक अदृश्य हात त्याला थोबाडून खाली पाडतो. तो एकच मंत्र म्हणजे ग्लॅमर. त्याने कोळिष्टकं भिंतीवरच्या भरजरी पडद्यासारखी दिसतात, झोपडी महाल दिसते, म्हातारा तरुण दिसतो. आणि यातलं काहीच खरं नसतं.

मला या गोष्टीत एक विलक्षण गोष्ट दिसली. बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मेलेला नव्हे, तर आठशे वर्षांपूर्वी अरबी शिकून ग्रंथांचे अनुवाद करणारा एक माणूस. आणि लोकांच्या आठवणीत त्याच्या पुस्तकातून उरला काय, तर फसवणुकीचा एक मंत्र. इब्न रुश्द गेला, अल-बित्रूजी गेला, प्राण्यांवरचे ग्रंथ गेले. नजरबंदी तेवढी राहिली.

स्कॉटच्या लोकप्रियतेने ग्लॅमर शब्द सगळीकडे गेला. एकोणिसाव्या शतकात त्यातलं भूत हळूहळू निघून गेलं आणि मोहिनी राहिली. विसाव्या शतकात सिनेमा आला आणि शब्द नटनट्यांच्या गळ्यात पडला. अमेरिकेत १९३९ साली हॉलिवूडच्या ग्लॅमरला वाहिलेलं मासिकच निघालं. अमेरिकन लोक इंग्रजी शब्दांतला 'यू' काढून टाकतात, पण ग्लॅमरमधला तो सहसा काढत नाहीत, जणू शब्दाच्या स्कॉटिश जन्माचा दाखला तेवढा जपून ठेवला आहे.

ग्रॅमरी मात्र मागे राहिली, पुस्तकांत. १९०६ साली रुडयार्ड किपलिंगने आपल्या मुलांसाठीच्या एका पुस्तकात इंग्लंडलाच ग्रॅमरीचं बेट म्हटलं. हा किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत, १८६५ साली, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत होते आणि घर त्याच आवारात होतं. पुढे टी. एच. व्हाइट या कादंबरीकारानेही राजा आर्थरच्या राज्याला हेच नाव दिलं. त्यापलीकडे हा शब्द फारसा कुठे भेटत नाही.

आपल्याकडची ग्रॅमरी

हे सगळं स्कॉटलंडचं झालं. पण शब्दांची ही चाल आपल्या मराठीतही आहे. अरबीत 'हिकमत' म्हणजे शहाणपण, ज्ञान. त्यावरूनच वैद्याला हकीम म्हणतात. मराठीत हिकमत म्हणजे युक्ती, क्लृप्ती, आणि 'मोठा हिकमती आहे' म्हटलं की ऐकणारा खिसा सांभाळतो. 'उस्ताद' म्हणजे फारसीत गुरू. मराठीत 'भलताच उस्ताद दिसतोस!' ही काही गुरुवंदना नाही. आणि 'विद्या' हा आपला पवित्र शब्द. त्याला 'काळी' हे विशेषण लावलं की करणी झाली. विद्येवर संशय घ्यायला कुणालाही स्कॉटलंडला जावं लागत नाही.

मी उर्दूच्या वह्या एस.टी.त बसून तपासतो. एकदा शेजारी एक वारकरी आजोबा होते. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, "मास्तर, पवित्र पुस्तक दिसतंय." मी म्हटलं, "आजोबा, पाचवीच्या पोराचा मांजरीवर निबंध आहे." त्यांनी वाचून दाखवायला लावला. मांजर दूध पिऊन पळते त्या जागी ते मनापासून हसले. दुसऱ्या एका वेळी, शहरात जरा तणाव होता तेव्हा, शेजारच्या तरुणाने तशाच वहीकडे पाहिलं आणि उठून मागच्या सीटवर गेला. ती वहीसुद्धा निबंधाचीच होती. एकाला ती अक्षरं पाक वाटली, दुसऱ्याला धोक्याची. वाचता दोघांनाही येत नव्हती. आजोबांनी मात्र काय लिहिलंय ते विचारलं.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. माझ्या नानीच्या गळ्यात आयुष्यभर एक तावीज होता. ती गेल्यावर आम्ही तो उघडला. आत घडी घातलेला कागद, त्यावर चौकोन, चौकोनांत आकडे आणि काही मोडकी अक्षरं. घरात चार माणसं उर्दू-अरबी वाचणारी, कुणालाच ते लागलं नाही. ज्याने लिहिलं त्याला तरी लागलं असतं का, देव जाणे. नानीला अक्षरओळख नव्हती. तिने अक्षर गळ्यात बांधलं, कारण ते डोळ्यांत उतरवायची संधी तिला कुणी दिलीच नव्हती. तिला हसायची माझी हिंमत नाही. तिला शाळेत न घालणाऱ्यांबद्दल मात्र मला राग आहे.

आणि आज? आमच्या मोहल्ल्यात पोट कापून इंग्रजी शाळेची फी भरणारे आईबाप आहेत. त्यात गैर काहीच नाही. इंग्रजी यायलाच हवी. पण पोरगं टाय लावून, चकचकीत पुस्तक घेऊन घरी येतं, पाठ केलेला धडा घडाघडा म्हणतं आणि त्याचा अर्थ विचारला की गप्प होतं. आईबापांनाही तो कळत नाही, ते पुस्तकाकडे कौतुकाने बघत राहतात. "सर, इंग्लिश मीडियमचं ग्लॅमर वेगळंच आहे," असं एक पालक मला म्हणाले. त्यांनी शब्द किती नेमका वापरला हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाचता न येणाऱ्या पुस्तकाची जी भूल पडते, तिच्यासाठीच तर स्कॉटलंडने हा शब्द घडवला होता.

भूल उतरवण्याचा उपाय जुनाच आहे आणि तो आम्हा मास्तरांच्या हातात आहे. पुस्तक उघडायचं, अक्षराला अक्षर जोडायचं, अर्थ विचारायचा, पुन्हा विचारायचा. त्यात चमक नाही. पोरं जांभया देतात. त्याचंच नाव ग्रामर.

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गात परत गेलो. त्या मुलीला आधी सांगितलं की काल तुझ्यावर वर्ग हसला तो माझ्यामुळे, चूक माझी. मग फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले आणि ही सगळी गोष्ट सांगितली, थडग्यातल्या पुस्तकासकट. पोरं गप्प बसून ऐकत होती, जे माझ्या तासाला क्वचित घडतं. शेवटी तिने हात वर केला.

"सर, मग त्या मायकल स्कॉटला अरबी कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, त्याच्या उस्तादाचं नाव माझ्याकडे नाही. असेल तिथल्या कुणा मोहल्ल्यातला, माझ्यासारखाच एखादा मास्तर.